गायकाशिवाय गाता येणारं गाणं

तुकडोजी महाराजांची ओळख करून देताना संत, समाजसुधारक, ग्रामगीताकार, राष्ट्रसंत हे शब्द आपण एका दमात म्हणून टाकतो. गायक हा शब्द तेवढा राहून जातो. अमरावती, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या खेड्यांत मात्र हा माणूस आधी पोचला तो गळ्याच्या जोरावर. ग्रामगीता नंतर आली, आश्रम नंतर आला, सेवा मंडळ तर आणखी नंतर. आधी आली ती खंजिरी, आणि मारुतीच्या पारासमोर जमलेल्या माणसांनी धरलेलं धृपद. आज विदर्भातलं जवळपास प्रत्येक गाव त्यांची दोन-चार भजनं पाठ म्हणतं. शाळेतली पोरं म्हणतात, निंदणाला गेलेल्या बाया म्हणतात, मयतीच्या घरी रात्री बसलेली मंडळी म्हणतात. यातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलं नाही, आणि कित्येकांनी त्यांचा आवाजही ऐकलेला नाही. तरी गाणं चालू आहे. हे आपोआप झालेलं नाही. त्या गाण्याची घडणच तशी आहे, आणि महाराजांच्या साधेपणाचा खरा पुरावा मला त्या घडणीतच दिसतो.

मोठ्या माणसाच्या साधेपणाच्या गोष्टी आपल्याकडे फार सांगतात. अमुक ठिकाणी जमिनीवर झोपले, तमुक ठिकाणी भाकरी-चटणी खाल्ली. त्या खऱ्याही असतील, पण त्यांतून फारसं काही कळत नाही. जमिनीवर झोपणारा माणूसही स्वतःभोवती आरत्या ओवाळून घेऊ शकतो. गायकाचा साधेपणा तपासायचा तर त्याचं गाणं उलगडून बघावं. त्या गाण्यात दुसऱ्यासाठी किती जागा ठेवली आहे, हे बघावं.

जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक, वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. परिस्थिती बेताचीच होती. शिवणकामावर चालणारं घर, त्यामुळे चार पैसे आले तर आले. आजोळ वरखेडला. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. वरखेडला आडकोजी महाराज होते, त्यांच्या सहवासात पोरगा रमला. माणिकचा तुकड्या तिथेच झाला, आणि पुढे आयुष्यभर भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ हीच सही राहिली. मग घर सोडून रानावनात भटकणं झालं. रामटेक, सालबर्डी, चिमूरजवळचं गोंदोडा ही नावं त्या काळाशी जोडलेली आहेत.

या सगळ्यात गाण्याची तालीम कुठेच नाही. उस्ताद नाही, घराणं नाही, गुरूचा गंडा बांधलेला नाही. शिकवणी मिळाली ती खेड्यात जी फुकट मिळते ती: एकादशीचं भजन, हरिपाठ, दिंडीतले अभंग, नागपूर-जबलपूरकडून फिरत येणाऱ्या बैराग्यांची हिंदी पदं. आपला भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूरला. हिंदी परकी नव्हती, बाजारात आणि मठात रोज कानावर पडायची. म्हणून त्यांची भजनं मराठीइतकीच हिंदीतही आहेत, आणि ती हिंदी व्याकरणाच्या पुस्तकातली नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कळेल आणि त्याच्या तोंडात बसेल, अशी आहे. पुणे-मुंबईच्या समीक्षकांनी या भजनांकडे फार लक्ष दिलं नाही, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. ही भाषा ना त्यांच्या मराठीच्या कप्प्यात बसते, ना हिंदीच्या.

आता खंजिरीकडे येऊ. कारण ती नीट पाहिली नाही तर पुढचं कळणार नाही.

खंजिरी म्हणजे लाकडाचं गोल कडं. व्यास साधारण सात-आठ इंच, उंची दोन-अडीच इंच. एका तोंडाला कातडं, म्हणजे पान, ताणून बसवलेलं, दुसरं तोंड उघडं. कड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत पितळी चकत्यांच्या जोड्या तारेवर किंवा खिळ्यावर ओवलेल्या. बस, एवढंच. पूर्वी अशा वाद्यांना घोरपडीचं कातडं लावत, कारण ते पातळ आणि चिवट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, आणि बरंच झालं. आता शेळीचं कातडं चालतं, आणि हल्ली प्लास्टिकचं पानही सर्रास दिसतं. कातडं भिजवून, केस काढून, ओलं असतानाच कड्यावर ताणतात, सरस लावतात, कडेनं बारीक खिळे ठोकतात आणि सावलीत वाळू देतात. उन्हात घाईनं वाळवलं तर कातडं एका बाजूनं आधी आकसतं आणि कड्याचा गोल बिघडतो. मग त्या खंजिरीत एका ठिकाणी एक आवाज आणि दोन बोटं सरकलं की दुसराच, अशी गत होते. कातडं जाड निवडलं तर ती टिकते भरपूर, पण बोलत नाही.

पेटीचा भाता फाटला तर तालुक्याला न्यावी लागते. तबल्याची शाई उडाली तर कारागीर शोधावा लागतो. खंजिरी गावातला सुतार आणि कातडं हाताळणारा माणूस मिळून दुरुस्त करू शकतात. किंमत काही शे रुपये. पिशवीत मावते, सायकलच्या हँडलला लटकते, एसटीत मांडीवर बसते. गरीब घरातल्या पोराच्या हाती हेच वाद्य यावं, यात नवल नाही. नवल पुढचं आहे. नाव झालं, आश्रम झाला, मोठमोठी माणसं भेटायला येऊ लागली, तेव्हा दारात सतार-सारंगी उभी करणं अवघड नव्हतं. तरी हातातली खंजिरी सुटली नाही. १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले तेव्हाही खंजिरी सोबत होती.

वाजवायची कशी, तेही सांगतो, कारण ती फार सोपी वाटते. डाव्या हातात कडं असं धरायचं की अंगठा बाहेर आणि बाकीची बोटं आतल्या अंगाला, पानाच्या पाठीशी. त्या आतल्या बोटांनी पान दाबलं की आवाज चढतो, सोडलं की उतरतो. उजव्या हाताची बोटं काठावर पडली की खणखणीत टणत्कार निघतो, पंजा मध्ये पडला की घुमारा. मधल्या रिकाम्या मात्रांना मनगट हललं की चकत्या बोलतात. नवशिके तीन चुका हमखास करतात. पहिली, कोपरापासून हात मारतात. त्यानं दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि हात दमला की लय पळू लागते. सगळं काम मनगटाचं आहे. दुसरी, चकत्या सतत खुळखुळत ठेवतात. तसं केलं की ताल ऐकू येत नाही, नुसता कालवा होतो. तिसरी, डाव्या हाताची पकड इतकी घट्ट ठेवतात की कडंच आवाज गिळतं. भजनात बहुतेक वेळा केरवा लागतो, आठ मात्रांचा, नाहीतर दादरा, सहा मात्रांचा. ते दोन ठेके हातात बसले की गावच्या भजनाला पुरतात.

पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सैल पडतं. खंजिरी भदभद वाजते. मग ती शेकावी लागते, पण विस्तवापासून हातभर लांब, गोल फिरवत. एका जागी धरली की पान तडकतं, किंवा खिळ्यांपाशी सुटतं. वैशाखात उलट होतं: पान इतकं ताणतं की नुसतं टिणटिण करतं. तेव्हा ओल्या बोटानं आतल्या बाजूनं दोनदा पुसलं की जागेवर येतं. अश्विन-कार्तिकात पुण्यतिथीचे कार्यक्रम असतात तेव्हा रात्री दव पडतं. संध्याकाळी मस्त लागलेली खंजिरी नऊ वाजता उतरलेली असते. म्हणून जाणती मंडळी दोन खंजिऱ्या आणतात, एक वाजती आणि एक घोंगडीत गुंडाळलेली. प्लास्टिकच्या पानाला यातलं काहीच लागत नाही. पण त्याला घुमाराही नसतो, सगळा आवाज वरच्या वर राहतो. ज्यांना गावोगाव फिरायचं त्यांनी ते घेतलं तर मी नावं ठेवणार नाही. घरच्या मंडळात मात्र कातड्याचीच असावी.

आता गाणं. त्यांच्या भजनाचा सांगाडा ठरलेला आहे. एक छोटं धृपद, तीन-चार कडवी, आणि शेवटच्या कडव्यात तुकड्यादासाची सही. धृपद एका श्वासात म्हणता येईल एवढंच. ‘या झोपडीत माझ्या’ घ्या, ‘मनी नाही भाव’ घ्या. धृपदात जोडाक्षरांची अडगळ नाही, आणि शेवटी आ, ई, ए असा उघडा स्वर येईल असं बघितलेलं. उघडा स्वर आला की मागच्या माणसाला आवाज सोडता येतो, आणि दोनशे माणसं ज्या शब्दावर एकदम थांबतात तो शब्द लक्षात राहतो. कडवी गायकानं म्हणायची, पण तीही लांब नाहीत. दोन ओळी झाल्या की धृपद परत लोकांच्या ताब्यात. म्हणजे पाच मिनिटांच्या भजनात जवळजवळ निम्मा वेळ गाणारे लोक असतात आणि गायक ऐकणारा असतो. ज्याला स्वतःचा गळा दाखवायचा आहे तो असं गाणं बांधत नाही. तो धृपद लांबवतो, मध्ये आलापाला जागा ठेवतो, शेवटी तीनदा फिरवून समेवर आणणारी तिहाई घेतो.

चालींचंही तसंच. भजनावलीची जुनी छपाई उघडा, कित्येक भजनांच्या डोक्यावर ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या पदाची पहिली ओळ दिलेली दिसेल. लोकांना ठाऊक असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे. संगीतकाराच्या दृष्टीनं ही उसनवारी झाली. खेड्याच्या दृष्टीनं यात मोठी सोय आहे. चाल शिकवायला कोणी येणार नाही, स्वरलिपी वाचता येत नाही, रेडिओ गावात एखादाच. अशा वेळी छापील कागद हातात पडल्याबरोबर रात्री भजन उभं राहतं ते ओळखीच्या चालीमुळेच. आपली नवी चाल चालवायचा हट्ट त्यांनी धरला असता तर ती भजनं मोझरीच्या, म्हणजे त्यांच्या आश्रमाच्या गावाच्या, वीस कोसांत राहिली असती.

शब्द सोपे असले तरी मवाळ नाहीत, हेही सांगायला हवं. विनम्र गायक म्हटलं की आपल्याला गोडगोड काहीतरी अपेक्षित असतं. या भजनांत दारू पिणाऱ्याला फटके आहेत, नवसासाठी कोंबडं-बोकड कापणाऱ्याला आहेत, हुंडा घेणाऱ्याला आहेत, अंगारे-धुपारे वाटणाऱ्या बुवांना तर सगळ्यात जास्त. ज्या गावात गायचं त्याच गावाच्या पाटलाला समोर बसवून हे म्हणायचं. लोक ऐकून घेत, कारण सांगणारा वरून बोलत नव्हता. शेवटच्या कडव्यात तो स्वतःलाच दास म्हणवून घेत होता आणि तीच ओळ सगळ्यांना म्हणायला लावत होता. त्यामुळे बोल लागायचा, पण परका वाटायचा नाही.

लोकप्रियता किती होती याचा अंदाज दोन-तीन तारखांवरून येतो. १९३५ साली नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना आपल्या आश्रमात बोलावून घेतलं आणि महाराज महिनाभर तिथं राहिले. आज आपण त्या गावाला सेवाग्राम म्हणतो, तेव्हा ते सेगाव होतं. आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं. आष्टी पेटली, यावलीही. झाडं शस्त्रं होतील आणि दगड बॉम्ब होतील अशा अर्थाचं त्यांचं हिंदी भजन तेव्हा या भागात तोंडोतोंडी होतं. सरकारनं त्यांना पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरी वाजवणाऱ्या माणसाला इंग्रज सरकारनं घाबरावं, याचं कारण पुन्हा गाण्याच्या घडणीत सापडतं. गायकाला आत टाकलं तरी भजन बाहेरच होतं. ते म्हणायला त्याची गरजच नव्हती.

पुढे १९४३ ला गुरुदेव सेवा मंडळ, १९५६ ला भारत साधू समाजाचं अध्यक्षपद, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या तोंडून आलेली ‘राष्ट्रसंत’ ही ओळख. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवर जवानांसमोर भजनं. या गोष्टी पुस्तकांत आहेत, त्या इथे लांबवत नाही.

मला जास्त बोलायचंय ते त्यांनी लोकप्रियतेचं काय केलं यावर. भजनाला हजारो माणसं जमतात. दुसऱ्या कोणी गादी केली असती, वारस नेमला असता. इथे भजनाला जोडून सकाळी आली रामधून आणि ग्रामसफाई, संध्याकाळी आली सामुदायिक प्रार्थना. रामधून म्हणजे पहाटे गात गात गल्ल्यांतून फिरायचं. जिथून रामधून जाणार तो रस्ता आधी झाडलेला असला पाहिजे, सडा-रांगोळी झालेली असली पाहिजे. म्हणजे भजन ऐकायचं असेल तर आदल्या दिवशी खराटा हातात घ्या! आणि प्रार्थनेला समोर कोणा एका देवाची मूर्ती नाही, असतं ते अधिष्ठान, म्हणजे एक मोकळं आसन. सगळ्या धर्मांच्या माणसांना एका सतरंजीवर बसता यावं म्हणून ते तसं ठेवलेलं. आता बहुतेक गावांत त्या अधिष्ठानावर महाराजांचाच फोटो आणि त्याला झेंडूचा हार असतो. लोकांचं प्रेम आहे, कबूल. पण ज्या माणसानं समोरची जागा मोकळी सोडली, तिथं आपण त्यालाच नेऊन बसवलं, हेही तितकंच खरं.

११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला मोझरीला लाखो माणसं जमतात आणि दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन पाळतात. भगव्या टोप्यांचा समुद्र म्हणतात तो हाच. गावोगावीही आपापला सप्ताह असतो: ध्यान, सफाई, प्रार्थना, रात्री भजन, शेवटच्या दिवशी गोपालकाला आणि महाप्रसाद. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस फुटायला लागलेला असतो. दिवसभर वावरात राबून माणसं रात्री दहापर्यंत बसतात. भेटल्यावर ‘जयगुरू’, निघताना ‘जयगुरू’.

याच मंडळांमध्ये आज काय बिघडतंय, ते बघू.

सगळ्यात मोठा घोटाळा पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा याचा. ज्याचा गळा चांगला तो पुढे बसतो आणि पेटीवाल्याला सांगतो, काळी चार दे. धृपद तर खालच्या पाच स्वरांत असतं, ते निभतं. कडवं वर जातं, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, हात लावतं, तिथं तोही ओरडायला लागतो आणि त्याच उंचीवर लोकांना धृपद सोपवतो. मागचे म्हातारे गप्प होतात. दोन भजनांनंतर अख्खं मंडळ ऐकणारं झालेलं असतं. जुने टाळकरी तोंडावर सांगत, “येवढ्या वर नोको घेऊ बापा, मांगच्यायले झेपत नाई.” नुसत्या पुरुषांचं मंडळ असेल तर काळी एक, फार तर काळी दोन. नुसत्या बायांचं असेल तर काळी चार किंवा पाच. दोन्ही एकत्र असतील तर कोणालाच सुखाची अशी पट्टी नसते. तेव्हा पांढरी चारच्या आसपास धरावं आणि वर जाणारं कडवं एकट्यादुकट्यानं म्हणावं. पट्टी ठरवताना पुढच्या गायकाला विचारूच नये. शेवटच्या रांगेतल्या माणसाला धृपद म्हणून बघायला लावावं.

दुसरं म्हणजे लय. भजन ज्या लयीत सुरू होतं त्या लयीत संपतच नाही. खंजिरीवाला टाळकऱ्याला ढकलतो, टाळकरी ढोलकीवाल्याला, आणि तिसऱ्या कडव्याला शब्द एकमेकांवर चढतात. केरव्याचं एक आवर्तन, म्हणजे आठ मात्रांचा एक फेरा, चार सेकंदांच्या आसपास ठेवलं तर शब्द कानात पोचतात. अडीच सेकंदांवर आलं की नुसता गजर उरतो. गजराला ते ठीक, पण ज्या भजनात हुंड्यावर बोललंय ते कळायला नको? सराव करताना सरळ मोबाईलवर ठोके लावून बसावं, आठवड्यात फरक पडतो. लय पळते ती बहुतेक वेळा धृपद परत घेताना, कारण सगळे एकदम तुटून पडतात. तिथं खंजिरीवाल्यानं उलट हात आवरायचा असतो.

तिसरं, माईक. खेड्यात अजून भोंगेच जास्त. भोंग्यातून खालचा आवाज येतच नाही, त्यामुळे खंजिरीचा घुमारा जातो आणि चकत्यांची कर्कश चिरचिर तेवढी गावभर पसरते. खंजिरी माईकसमोर धरायचीच नाही. दोन-तीन फूट बाजूला बसून वाजवावी, गाणाऱ्याच्या माईकमध्ये येते तेवढी पुरते. आणि एक माईक मागच्या लोकांकडे तोंड करून ठेवावा. हे कोणीच करत नाही. सगळे माईक पुढे, मग धृपद लोक म्हणतात की नाही हे भोंग्याला कळणार कसं?

खंजिरी भजनाच्या स्पर्धांनी मंडळं जिवंत ठेवली, यात शंका नाही. विशेषतः बायांची मंडळं. नऊवारी किंवा एकसारखी पातळं नेसून, रात्री स्वयंपाक उरकून सरावाला बसणाऱ्या बाया नसत्या तर कित्येक गावांत पेटी माळ्यावर गेली असती. पण स्पर्धेत गुण मिळतात ते पुढच्या गायिकेच्या गळ्यातल्या हरकतींना आणि वादकाच्या चलाखीला. म्हणून सिनेमाच्या चाली आल्या, ऑक्टोपॅड आला, धृपदाआधी दोन मिनिटांचा आलाप आला. परीक्षकांनी एकच करावं: मागच्या साथीदारांचे शब्द स्पष्ट आले का, याला निम्मे गुण द्यावेत. स्पर्धा आपोआप सुधारेल.

चमक असू नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. अकोला जिल्ह्यातल्या सिरसोलीचे कीर्तनकार सत्यपाल महाराज समोर सात खंजिऱ्या मांडून दोन हातांनी वाजवतात. ते पाहताना डोळा ठरत नाही. पण ऐका, ती करामत चालू असते तेव्हा बोलणं थांबलेलं असतं, आणि बोलणं सुरू झालं की वऱ्हाडीत दारू, अंधश्रद्धा, हुंडा यांवर नेमकं सुरू होतं. वाजवणं कुठं थांबवायचं हे ज्याला कळतं त्याला सात काय, सतरा खंजिऱ्या चालतील.

शेवटी एक काम, जे या वर्षीच करायला हवं. वर चालींबद्दल लिहिलं. भजनावलीत दिलेल्या चाली आता कोणाला येत नाहीत, कारण ज्या पदाची चाल म्हणून ओळ छापली आहे ते पदच विसरलं गेलं आहे. शब्द छापलेले आहेत, ते जात नाहीत. चाल मात्र गावातल्या ऐंशीच्या पुढच्या दोन-तीन माणसांच्या गळ्यात आहे. त्यांच्याकडून ती काढून घ्यायला मोठं यंत्र लागत नाही. मोबाईल पुरतो, पण नीट वापरायला हवा. पंखा बंद करा. टिनाच्या खोलीत नको, आवाज घुमतो. ओसरीवर किंवा गोठ्यापासून लांब, झाडाखाली चालेल. फोन तोंडासमोर धरू नका, दोन-अडीच फुटांवर उशीवर ठेवा. पेटी लावू नका, कारण म्हातारा माणूस पेटीच्या मागे जातो आणि त्याच्या गळ्यातली खरी मुरड हरवते. त्याला हवी ती पट्टी घेऊ द्या. आधी धृपद दोनदा, मग पहिलं कडवं पुरं, मग पुन्हा धृपद. बाकीची कडवी त्याच चालीवर असतात, त्यांसाठी त्याला दमवू नका. खंजिरी किंवा चुटक्या त्यालाच वाजवू द्या, ताल कुठून सुटतो ते त्यातूनच कळतं. शब्द चुकला तर मध्येच टोकू नका. शब्द पुस्तकात आहेत, आपल्याला चाल हवी आहे. शेवटी त्याच्याच तोंडून गाव आणि साल बोलून घ्या, आणि ही चाल त्यानं कोणाकडून घेतली तेही. फाईलला भजनाच्या पहिल्या ओळीचं नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी चाळीस फायलींत काय कुठे आहे ते सापडत नाही. एक प्रत मंडळाच्या अध्यक्षाकडे, एक शाळेतल्या मास्तरांकडे. आणि पुढच्या गुरुवारी त्यातलं एक भजन पोरांकडून बसवून घ्या, काळी एकमध्ये.